सहाशे रुपयांत सव्वाशे पुस्तकं

एक प्रयोग करून बघा. २००० नंतरच्या आठ-दहा वर्षांत निघालेल्या एखाद्या मराठी पुस्तकाची, स्मरणिकेची नाहीतर सरकारी अहवालाची पीडीएफ फोनवर उघडा. स्कॅन केलेली नको, कॉम्प्युटरवर थेट तयार केलेली हवी. पानावर सगळं नीट दिसेल. वेलांट्या जागच्या जागी, जोडाक्षरं सुबक. आता त्यातलं एक वाक्य बोटानं दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. बऱ्याचदा जे उमटेल त्यात मराठीचा मागमूस नसेल. इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम, डॉलरची चिन्हं असा काला दिसेल. त्याच पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधायला गेलात, तर समोर दिसत असूनही तो ‘सापडला नाही’ असं उत्तर येईल.

तुमचा फोन बिघडलेला नाही. ते पुस्तक मराठीत छापलं गेलं, पण मराठीत साठवलं गेलं नाही.

त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट ही एक हातचलाखी होती. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फक्त त्यांच्या जागी पडद्यावर देवनागरीचे तुकडे दिसत. ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहायचं तर एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. एच आणि के मिळून भ, पुढचा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. फॉन्ट काढून घेतला की उरतं ते निरर्थक इंग्रजी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा मराठी डीटीपीतल्या पॅकेजांचे फॉन्टही असेच चालायचे, आणि प्रत्येकाची तुकड्यांची वाटणी वेगळी. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नसे.

युनिकोड तेव्हा नव्हतं असं नाही. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. विंडोज २०००मध्ये मराठी युनिकोडची सोयही होती. पण पुस्तकं विंडोजमध्ये लागत नसत, पेजमेकरमध्ये लागत, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. २००४मध्ये कंपनीनं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं त्यावरच पानं लावली, कारण ते स्वस्त पडायचं, हातात बसलेलं होतं आणि छापखान्याला चालत होतं.

मी त्या डीटीपीवाल्यांपैकी एक. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कॉम्प्युटरवर हे काम झालं, तो कॉम्प्युटर त्यातला मजकूर बाहेर येऊन वाचता येईपर्यंत कुणीही विकू नये. एक्स्चेंजमध्ये देऊ नये, भंगारात घालू नये, ‘जागा अडते’ म्हणून वॉचमनच्या मुलाला देऊन टाकू नये. आणि जे लोक तो नुसता ‘आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवतात, त्यांचंही माझ्याशी भांडण आहे. त्यांच्याकडे नंतर येते.

माझा कॉम्प्युटर २००३ साली जुळवून घेतलेला. पेंटियम ४, चाळीस जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. त्यावर मी अकरा वर्षं पुण्यात जॉबवर्क केलं. कादंबऱ्या, कवितासंग्रह, ज्ञातीच्या वधूवर सूच्या, गावच्या देवस्थानांचे इतिहास, एक-दोन दिवाळी अंक. पुस्तकंच मोजली तर सव्वाशे. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्यानं सीपीयू आणि मॉनिटर मिळून सहाशे रुपये सांगितले. ‘ताई, एवढेही दुसरं कोणी देणार नाही,’ असं तो म्हणाला, आणि त्याच्या धंद्याच्या हिशोबानं ते बरोबरच आहे. तो धातू मोजतो, प्लास्टिक मोजतो. आतला मजकूर मोजणं हे त्याचं काम नाही. प्रश्न असा आहे, की ते काम मग कोणाचं? लेखकाला वाटतं प्रकाशकाकडे असेल. प्रकाशकाला वाटतं डीटीपीवाल्याकडे असेल. डीटीपीवाला दुकान बंद करून इस्टेट एजंट झालेला असतो आणि त्याचा सीपीयू केव्हाच गेलेला असतो.

विकण्याच्या बाजूनं बोलणारे काही मूर्ख नाहीत. त्यांचे मुद्दे एकेक करून घेते.

पहिला मुद्दा माझ्या भाच्याचा. ‘मावशी, हार्डडिस्क काढून घे आणि बाकीचा डबा देऊन टाक ना.’ जुनी हार्डडिस्क यूएसबीला लावायचा अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो, फाइली दहा मिनिटांत नव्या लॅपटॉपवर येतात. येतात, हे खरं. उघडणार कशात? पेजमेकरची फाइल पेजमेकर मागते. त्यातला मजकूर फॉन्टचं पॅकेज मागतो. माझं पॅकेज सुरू होताना प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं डाँगल शोधतं. ते नसेल तर हलत नाही, आणि तसलं पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतंच. एक्सपी आजच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येतं, आणि ज्यांच्या पॅकेजला डाँगल नव्हतं त्यांनी तो मार्ग जरूर धरावा. पण डाँगलवाल्यांसाठी हा ‘डबा’च कुलूप उघडायची जागा आहे.

दुसरा मुद्दा: कन्व्हर्टर आहेत की. आहेत, आणि मीही वापरते. जुन्या फॉन्टमधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात ती नंतर येते. रफार जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडात आधी. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो आणि बरीचशी नीट करतो. पण मी वापरलेले कन्व्हर्टर हिंदीच्या हिशोबानं केलेले होते, आणि मराठीचा अर्धचंद्रासारखा ‘ऱ्य’ त्यांना झेपत नव्हता. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. सह्याद्रीच्या दऱ्यांवरच्या कवितेत अचानक समुद्र येतो, आणि स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि लग्नाच्या मांडवातला स्वयंपाकी विद्वान होतो. हे पकडायचं तर मूळ पान शेजारी उघडं लागतं. ते पान ज्या एकाच ठिकाणी जसं लावलं होतं तसं दिसतं, ती जागा म्हणजे हा कॉम्प्युटर.

तिसरा मुद्दा जरा भारी आहे: छापील प्रत असतेच, तिचा फोटो काढा, मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर लावा, झालं. स्वच्छ छपाई असेल तर हे सॉफ्टवेअर आता मराठी बऱ्यापैकी वाचतं, यात वाद नाही. ज्या पुस्तकाच्या प्रती ग्रंथालयात आहेत त्यांच्यासाठी तोच शहाणपणाचा रस्ता. पण आधी प्रत हवी. मी लावलेली निम्मी पुस्तकं लेखकांनी स्वतःच्या पैशानं काढलेली, तीनशे-पाचशे प्रतींची. नातेवाइकांत वाटली, उरलेले गठ्ठे कॉटखाली गेले, पुढे वाळवीला किंवा रद्दीला. आणि काही पुस्तकं छापलीच गेली नाहीत.

त्यातलं एक सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या भागातल्या शेतीकामाच्या शब्दांचा कोश केला होता. तिफण, चाडं, रुमणं, शिवळ, मोटेचा नाडा अशा शब्दांचे नुसते अर्थ नाहीत, तर वस्तू कशी असते, कोणत्या लाकडाची, ती कोण करायचं, कामाच्या वेळी तिला काय म्हणत आणि शिवी देताना काय म्हणत, इथपर्यंत. सहा फर्मे, म्हणजे शहाण्णव पानं, लावून झाली. दोन प्रुफं झाली. मग सर आजारी पडले आणि वारले. पुस्तक राहिलं. काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. घरात पावसाचं पाणी शिरून वह्या गेल्या होत्या, आणि ‘तुमच्याकडे काही आहे का?’ असं तो विचारत होता. होतं. कारण तोवर सीपीयू विकला गेला नव्हता. सरांनी तीस वर्षं गोळा केलेले शब्द या एकाच यंत्रावर उरले होते. आज ते युनिकोडात आहेत, त्याच्या फोनवर आहेत.

याला योगायोग म्हणतात, व्यवस्था म्हणत नाहीत. माझा राग नेमका इथे आहे.

व्यवस्था काय करते ते बघा. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. किती जण पाळतात तो भाग वेगळा, निदान कागदाबद्दल नियम तरी आहे. पुस्तक ज्या फाइलीतून छापलं ती मात्र जपावी, असं त्या कायद्यात कुठेही नाही. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यापैकी एकाही प्रकाशकानं मला कधी मूळ फाइल मागितली नाही. ते ट्रेसिंग घेऊन जायचे, पानामागे ठरलेले पैसे द्यायचे, विषय संपला. दुसरी आवृत्ती काढायची झाली की फोन: ‘ते तुमच्याकडे आहे ना अजून?’ मराठी प्रकाशन व्यवसायाचा संग्रह म्हणजे कुणातरी डीटीपीवालीच्या घरातला कोपरा, आणि त्याचं भाडं, वीज, दुरुस्ती सगळं तिच्या माथी.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, मलाही आनंद झाला. आपली भाषा दोन हजार वर्षं जुनी असल्याचे पुरावे आपण शिलालेखांतून शोधून दिले. आणि वीस वर्षांपूर्वी टाइप केलेला मजकूर आपल्याला उघडत नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक आजही हातात आला तर वाचता येतो, त्याला डोळे पुरतात. २००५चा दिवाळी अंक वाचायलाही डोळे पुरतात, पण फक्त कागद उरला असेल तर. त्याची फाइल वाचायला एक विशिष्ट कॉम्प्युटर, विशिष्ट पॅकेज, विशिष्ट डाँगल आणि ते चालवता येणारी एक म्हातारी होत चाललेली बाई लागते.

तुम्ही तरुण आहात, वाचता ते फोनवर. तुम्हाला याच्याशी काय, असं वाटणं साहजिक आहे. पण तुमचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, सर्च तुमची चुकलेली वेलांटी दुरुस्त करतो, बोललेलं मराठी फोन लिहून देतो, हे सगळं मजकुरातून शिकलेलं आहे. जे मजकूर म्हणून अस्तित्वातच नाही त्यातून कुठलंच यंत्र काही शिकणार नाही. युनिकोडात पोचलेलं मराठी म्हणजे प्रामुख्यानं इंटरनेटवर लिहिलं गेलेलं मराठी. शहरातलं, अलीकडचं, घाईतलं. रुमणं आणि शिवळ त्यात फारशी येत नाहीत. तुमच्या आजोबांची भाषा तुमच्या फोनला परकी वाटते, त्याचं एक कारण कुणीतरी सहाशे रुपयांना विकलेल्या सीपीयूत आहे.

आता माळ्यावर ठेवणाऱ्यांकडे येते. हे लोक मला विकणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत असं त्यांना वाटतं. कॉम्प्युटरला प्लास्टिकचं कव्हर, दसऱ्याला झेंडूचं फूल, ‘यावर आमचं पहिलं पुस्तक झालं’ असं पाहुण्यांना सांगणं. शेवटचा चालू केव्हा केलात? आठवत नाही. बंद ठेवलेलं यंत्र टिकत नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते आणि कॉम्प्युटर तारीख विसरतो. कपॅसिटर फुगतात. हार्डडिस्क वर्षानुवर्षं न फिरता पडली तर एके दिवशी फिरायचं नाकारते. सीडीवर घेतलेला बॅकअप आणखी बेभरवशाचा. दहा वर्षं कव्हरखाली ठेवून मग न चालणारा सीपीयू भंगारात देणारा आणि आजच देणारा, यांत पुस्तकांच्या दृष्टीनं काही फरक नाही. पहिल्यानं फक्त दहा वर्षं स्वतःचं समाधान करून घेतलं.

नुसतं प्रेम असेल तर विकून टाका, मी अडवणार नाही. ज्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये फोटो, गाणी आणि सुट्टीत खेळलेले गेम आहेत, तो रिकामा करा आणि कुणाच्या उपयोगी पडेल त्याला द्या. यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: यात असं काही आहे का, जे दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडत नाही? नसेल, तर तो एक वापरून झालेला डबा आहे. देण्यापूर्वी डिस्क नीट पुसा. नुसतं फॉरमॅट केल्यानं जुन्या हार्डडिस्कवरचा मजकूर जात नाही, त्यावर नवा डेटा लिहून घ्यावा लागतो. एसएसडी असेल तर तिची स्वतःची पूर्ण पुसण्याची आज्ञा वापरा. आणि भंगारात दिलं म्हणजे रिसायकल झालं, या भ्रमात राहू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे देता येत असेल तर तिथेच द्या.

पण उत्तर ‘आहे’ असेल, तर कामाला लागा. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ला थांबलं. सगळ्यात आधी पूर्ण हार्डडिस्कची नक्कल करून दोन वेगळ्या जागी ठेवा. मग एकेक पुस्तक घ्या. मजकूर एक्स्पोर्ट करा, कन्व्हर्ट करा, शेजारी मूळ पान उघडून वाचा. दीडशे पानांच्या पुस्तकाला मला चार संध्याकाळी लागतात. माझी एकतीस झाली आहेत, चौऱ्याण्णव उरलीत. म्हणजे तीनशे शहात्तर संध्याकाळी. रोज न चुकता बसले तरी वर्षाहून जास्त, आणि रोज बसणं होत नाही.

हे एकेकट्यानं करायचं काम नाही, म्हणून हा लेख. प्रकाशकांनी यापुढे ट्रेसिंग नको, युनिकोड मजकूर ताब्यात घ्यावा, आणि मागच्यासाठी आपापल्या जुन्या डीटीपीवाल्यांना फोन करावा. ते हयात आहेत आणि नंबर लागतात तोवर. फॉन्टची पॅकेजं करणाऱ्यांनी, जे फॉन्ट आता विकत नाहीत त्यांच्या अक्षरांचे तक्ते खुले करावेत. त्यांचं नुकसान शून्य, आमचा निम्मा वेळ वाचेल. संमेलनांचे मांडव घालणाऱ्या संस्थांनी जिल्ह्याला एक, असा चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर, पॅकेज आणि डाँगलसकट ठेवावा. खर्च मांडवाच्या कमानीइतकासुद्धा येणार नाही. आणि तुम्ही दर आठवड्याला एक संध्याकाळ द्या. मूळ पान आणि कन्व्हर्ट झालेलं पान शेजारी ठेवून वाचायला मराठी येणं पुरतं. दोन्ही पानं फोनवर पाठवता येतात.

माझा कॉम्प्युटर विकाऊ आहे. त्याच्यावर माझा जीव आहे, पण म्हणून मी तो ठेवलेला नाही. चौऱ्याण्णवावं पुस्तक वाचून झालं, की त्याच दिवशी मी भंगारवाल्याला बोलावीन आणि तो सांगेल त्या भावाला देईन. त्याआधी नाही, आणि सहा लाखांनाही नाही.